एकाच छत्रीवर घरातले दोन-तीन टीव्ही: पुण्यातल्या घरांसाठी सविस्तर माहिती

संध्याकाळी साडेसात ते दहा या वेळात घरातल्या प्रत्येकाला वेगळं काहीतरी बघायचं असतं. आजींना मालिका, वडिलांना बातम्या, मुलांना मॅच. टीव्ही आता महाग राहिलेला नाही, त्यामुळे बेडरूममध्ये दुसरा टीव्ही येतो आणि मग प्रश्न पडतो: हॉलमध्ये डीटीएच आहेच, तीच वायर आत नेली तर चालेल का?

थोडक्यात उत्तर असं. दोन्ही टीव्हीवर कायम एकच चॅनल चालणार असेल, तर एक बॉक्स पुरतो. दोन्हीकडे वेगवेगळं बघायचं असेल, तर प्रत्येक टीव्हीला स्वतःचा सेट-टॉप बॉक्स लागतो आणि त्या प्रत्येक बॉक्सपासून थेट छत्रीपर्यंत स्वतंत्र वायर लागते. छत्री मात्र एकच पुरते. हे एवढं पक्कं धरलं, तर पुढचे निर्णय सोपे होतात आणि कोणी चुकीचं सामान गळ्यात मारू शकत नाही.

आधी कागदावर खोल्या मांडा

तंत्रज्ञाला बोलावण्याआधी प्रत्येक टीव्हीसमोर तीन गोष्टी लिहा: तो टीव्ही कोण बघतं, कोणते चॅनल बघतं, आणि हॉलमधल्या टीव्हीच्याच वेळेला बघतं का.

अनेक घरांत या यादीतून लक्षात येतं की आतल्या खोलीत फक्त तीन-चार मराठी चॅनल लागतात, तर तिसऱ्या खोलीत टीव्हीवर मोबाइलसारखंच यूट्यूब आणि ओटीटी चालतं. त्या तिसऱ्या खोलीला डीटीएचची गरजच नसते. ज्येष्ठ माणसांच्या खोलीचा विचार मात्र नीट करा. त्यांना रिमोटवर आकडा दाबला की चॅनल लागायला हवा. अ‍ॅप उघडणं, प्रोफाइल निवडणं, वायफाय गेलं की वाट बघणं, हे त्यांच्या माथी मारू नये. माझ्या मते घरात एकच जास्तीचा डीटीएच बॉक्स घ्यायचा असेल, तर तो आजी-आजोबांच्या खोलीत जावा.

वायरला फाटा का देता येत नाही

जुन्या केबल टीव्हीत खांबावरून आलेल्या वायरला एक लहान स्प्लिटर लावला की दोन टीव्ही चालायचे. तोच अनुभव धरून लोक डीटीएचच्या वायरलाही स्प्लिटर लावतात, आणि मग ‘अर्धे चॅनल दिसतात, अर्धे जातात’ ही तक्रार सुरू होते. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

छत्रीच्या दांड्यावर पुढे जो लहान डबा असतो तो एलएनबी. उपग्रहाकडून येणाऱ्या केयू बँडच्या लहरी, म्हणजे साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्‌झच्या, छत्री त्याच्या तोंडावर गोळा करते. इतकी उच्च वारंवारता वायरमधून फार लांब जाऊ शकत नाही, म्हणून एलएनबी ती उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झमध्ये आणतो आणि खाली पाठवतो. उपग्रह चॅनलांचे गट दोन प्रकारे पाठवतो, उभ्या ध्रुवणात (लहर वर-खाली हलते) आणि आडव्या ध्रुवणात (लहर डावी-उजवी हलते). एका वायरवर एका वेळी यातला एकच प्रकार उतरू शकतो. कोणता, हे बॉक्स ठरवतो: त्याच वायरमधून तो एलएनबीला वीज देतो, उभ्यासाठी १३ व्होल्ट आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट. बँडचा वरचा भाग हवा असेल तर या विजेवर २२ किलोहर्ट्‌झचा एक सूक्ष्म सूरही चढवतो.

म्हणजे डीटीएचच्या वायरमध्ये वाहतूक दोन्ही बाजूंनी असते. वरून चित्र येतं, खालून हुकूम जातो. आता एकाच वायरला दोन बॉक्स जोडले आणि एकाने १३ व्होल्ट, दुसऱ्याने १८ व्होल्ट पाठवले, तर एलएनबीपर्यंत जास्तीचा व्होल्टेज पोचतो. १३ मागणाऱ्या बॉक्सवर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. आई बेडरूममध्ये चॅनल बदलते आणि हॉलमधली मॅच गायब होते, ती यामुळे. एक बॉक्स स्टँडबायवर असला तरी अनेकदा तो वायरमध्ये व्होल्टेज पाठवतच असतो, त्यामुळे ‘एका वेळी एकच लावू’ हा तोडगाही भरवशाचा नाही.

याच संदर्भात आणखी एका वस्तूबद्दल सावध राहा. दुकानात डायसेक स्विच नावाची छोटी डबी मिळते. ती स्प्लिटरसारखीच दिसते, पण तिचं काम बरोबर उलटं असतं: दोन एलएनबी एका बॉक्सला जोडणं. दोन टीव्हींसाठी तिचा उपयोग नाही.

योग्य एलएनबी कोणता

नेहमीच्या जोडणीत एका तोंडाचा, म्हणजे वायर जोडायची एकच जागा असलेला, एलएनबी असतो. दोन टीव्हींसाठी दोन तोंडांचा, म्हणजे ट्विन एलएनबी, आणि तीन-चार टीव्हींसाठी चार तोंडांचा क्वाड एलएनबी घ्यायचा. आठ तोंडांचा ऑक्टोही मिळतो. या सगळ्यांत प्रत्येक तोंड स्वतंत्र असतं. एकावर १३ व्होल्ट आले आणि दुसऱ्यावर १८, तरी दोघांनाही आपापले चॅनल मिळतात.

माझा आग्रह असा की आज दोनच टीव्ही असले तरी क्वाड लावावा. एलएनबीच्या किमतीतला फरक लहान असतो; गच्चीवर चढून, छत्री हलवून, सिग्नल पुन्हा जुळवण्याची मजुरी आणि दगदग मोठी असते. उरलेल्या तोंडांवर रबरी टोपी घट्ट बसवायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात तिथून पाणी शिरतं.

क्वाड आणि क्वाट्रो ही नावं सारखी वाटतात, वस्तू वेगळ्या आहेत. क्वाट्रोच्या चार तोंडांतून उभा खालचा, उभा वरचा, आडवा खालचा आणि आडवा वरचा असे चार ठरलेले पट्टे सतत बाहेर पडतात, आणि त्यांना पुढे मल्टिस्विच, म्हणजे हे पट्टे अनेक बॉक्सांना वाटून देणारा डबा, लागतो. ती सोसायट्यांची व्यवस्था आहे. घरच्या छत्रीवर क्वाट्रो लावून थेट बॉक्सला वायर दिली, तर ठरावीकच चॅनल दिसतील.

एलएनबी तुमच्या कंपनीच्या बॉक्सशी जुळणारा हवा. शक्यतो कंपनीकडूनच ‘मल्टी टीव्ही’ जोडणी मागवा. बाहेरून घ्यायचा असेल तर बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत एलएनबी, केबल, कनेक्टर सगळं मिळतं. जाताना जुन्या एलएनबीवरच्या लेबलचा फोटो घेऊन जा.

पुण्यातून उपग्रह कुठे दिसतो

दुसऱ्या टीव्हीच्या निमित्ताने छत्री हलवायची वेळ आली, किंवा नवीन फ्लॅटमध्ये सगळंच नव्याने करायचं असलं, तर हा भाग महत्त्वाचा.

भारतात वापरले जाणारे हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एका जागी स्थिर दिसतात. पुणे ७३.९ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि हे सगळे उपग्रह आपल्या पूर्वेला, त्यामुळे पुण्यातली प्रत्येक छत्री आग्नेयेकडे तोंड करून असते. पण आग्नेयेत नेमकं कुठे आणि किती उंच, यात कंपनीनुसार बराच फरक पडतो.

टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्वेला आहेत. पुण्यातून ते उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास सुमारे १५३ अंशांवर, म्हणजे दक्षिणेकडे झुकलेले, आणि क्षितिजापासून तब्बल ६६ अंश उंच दिसतात. डीडी फ्री डिश ९३.५ अंशांवरच्या उपग्रहावर आहे. पुण्यातून त्याची दिशा सुमारे १३२ अंश आणि उंची ५९ अंश. एअरटेल १०८.२ अंशांवरून येतं. त्याची दिशा सुमारे ११५ अंश, जवळजवळ पूर्वच, आणि उंची फक्त ४५ अंश.

या आकड्यांचा उपयोग असा. समोर उंच इमारत असेल, तर तुमच्या बाल्कनीपासून तिचं अंतर आणि तुमच्या पातळीच्या वर असलेली तिची उंची यांची तुलना करा. ४५ अंशांवरच्या उपग्रहासाठी समोरची इमारत अंतरापेक्षा जास्त उंच असली की सिग्नल अडतो. ६६ अंशांवरच्या उपग्रहासाठी ती अंतराच्या सव्वादोनपटीहून उंच असली तरच अडते. वाकड, बाणेर, खराडीत टॉवर एकमेकांना खेटून उभे आहेत. तिथे एका कंपनीचं डीटीएच चालतं आणि दुसरीचं चालत नाही, याचं कारण बहुधा हेच असतं. उलट समोरची इमारत नेमकी दक्षिण-आग्नेयेला असेल आणि पूर्व मोकळी असेल, तर १०८.२ अंशांचा उपग्रह सोयीचा पडेल. ज्यांच्या फ्लॅटला फक्त पश्चिमेची किंवा उत्तरेची बाल्कनी आहे, त्यांना छत्री गच्चीवरच न्यावी लागते.

दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर बघता येते, पण लोखंडी ग्रिलजवळ धरलं तर होकायंत्र भरकटतं. ग्रिलपासून चार हात दूर उभं राहून बघा.

याहून सुंदर खात्री सूर्य देतो. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पुण्यातून बघताना सूर्य बरोबर या उपग्रहांच्या मागून जातो. ८३ अंशांच्या उपग्रहामागून तो मार्चमध्ये दुपारी बाराच्या सुमारास आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या थोडं आधी जातो, १०८.२ अंशांच्या मागून सकाळी दहाच्या आसपास. त्या वेळी बाल्कनीत किंवा गच्चीवर ज्या जागी ऊन पडलेलं असतं, तिथून उपग्रहाची वाट मोकळी आहे. जिथे झाडाची किंवा टाकीची सावली असेल, तिथे छत्री लावून उपयोग नाही. याच दिवसांत सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या गोंगाटामुळे रोज काही मिनिटं चित्र जातं. ते आपोआप परत येतं, तक्रार नोंदवण्याची गरज नसते.

झाडांचं तेवढं जपून. प्रभात रोड, एरंडवणे, कोरेगाव पार्क इथल्या मोठ्या झाडांखालच्या घरांत उन्हाळ्यात छत्री छान चालते आणि जुलैत पालवी दाट, ओली झाली की सिग्नल मरतो. ओल्या पानांतून केयू बँड जात नाही. फांदी तोडण्याचा विचार करू नका. शहरात झाड तोडायला किंवा छाटायला महापालिकेची परवानगी लागते, आणि छत्री चार फूट सरकवणं कितीतरी सोपं असतं.

छत्री बसवताना

गच्चीच्या स्लॅबला ड्रिल करू देऊ नका. पुण्यातल्या बहुतेक इमारतींच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आणि वर चायना मोझॅक असतं. त्याला एक भोक पडलं की पुढच्या पावसात वरच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते आणि सोसायटीत भांडण सुरू होतं. छत्री कठड्याच्या उभ्या भिंतीला आतल्या बाजूने लावा, किंवा लोखंडी चौकटीवर सिमेंटचे ब्लॉक ठेवून स्लॅबला हात न लावता उभी करा. सोसायटीकडून लेखी परवानगी आधी घ्या.

बांबू, पाण्याचा पाइप किंवा डगमगत्या ग्रिलवर छत्री नको. लहान छत्री अंशभर हलली तरी पावसाळ्यात चित्र फुटतं. जोरदार सरीत केयू बँडचा सिग्नल क्षीण होणं हे लहरींच्या स्वभावातच आहे, ते पूर्ण टाळता येत नाही. पण कोरड्या दिवशी सिग्नलची गुणवत्ता जितकी जास्त जुळवून ठेवाल, तितकी सर सोसण्याची ताकद उरते. घरोघरी दिसणारी छत्री साधारण ६० सेंटिमीटरची असते. जागा आणि परवानगी असेल तर ७५ किंवा ९० सेंटिमीटरची लावली की पावसातला फरक लगेच जाणवतो.

एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाआधी पुण्यावर विजांचा जो कडकडाट होतो, त्याचा विचारही इथेच करावा. गच्चीवरच्या छत्रीचा खांब तांब्याच्या जाड वायरने इमारतीच्या अर्थिंगला जोडून घ्या. तरीही विजा जवळ पडत असतील, तर बॉक्सचा प्लग काढाच, आणि मागची वायरही काढा.

वायर: पैसे वाचवायची जागा ही नव्हे

एलएनबी बदलता येतो, बॉक्स बदलता येतो. भिंतीतून गेलेली वायर दहा-पंधरा वर्षं तशीच राहते. म्हणून इथे हात आखडता घेऊ नका.

डीटीएचला आरजी-६ प्रकारची ७५ ओहमची केबल लागते. जुन्या केबल टीव्हीची आरजी-५९ बारीक असते आणि वरच्या वारंवारतेला तिच्यात सिग्नल फार गळतो. आरजी-६ मध्येही ३० मीटरला वरच्या टोकाला सुमारे ९ ते १० डेसिबल गळती होते. एवढी चालते. आता हिशोब करा: अकरा मजली इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणाऱ्याला गच्चीपासून खाली सहा-सात मजले, म्हणजे वीसेक मीटर, आणि घरातल्या वळणांचे दहा-पंधरा मीटर. तीस-पस्तीस मीटर असेच होतात. पन्नासच्या पुढे गेलात तर छत्रीजवळ सिग्नल वाढवणारा लाइन अ‍ॅम्प्लिफायर लावावा लागू शकतो.

केबलच्या मधल्या तारेला चुंबक लावून बघा. चिकटली तर आत पोलाद आहे आणि वर फक्त तांब्याचा मुलामा. लहान अंतराला ती चालते, पण लांब अंतरावर तिच्यात व्होल्टेज घटतो आणि बॉक्सने पाठवलेले १८ व्होल्ट वर पोचेपर्यंत कमी पडतात. मग फक्त आडव्या ध्रुवणाचे चॅनल जातात आणि दोष कुठे आहे ते कळतच नाही. तीस मीटरच्या पुढे पूर्ण तांब्याच्या तारेची केबल घ्या. उघड्यावरून जाणारी केबल काळ्या जाड आवरणाची असावी, ऊन सोसणारी.

प्रत्येक टीव्हीसाठी छत्रीपासून बॉक्सपर्यंत एकसंध वायर ओढा. मध्ये जोड नको. जोड म्हणजे गळती, आणि पावसाळ्यात पाणी शिरण्याचं दार. टोकांना दाबून बसवलेले कॉम्प्रेशन एफ-कनेक्टर हवेत. हाताने फिरवून लावलेले वर्षभरात सैल होतात. बाहेरच्या कनेक्टरवर आपोआप एकजीव होणारी रबर टेप गुंडाळायची, साधी इन्सुलेशन टेप उन्हात सुटते.

वायर घरात शिरते तिथे भोक बाहेरच्या बाजूला उतार देऊन पाडा, आणि भोकाच्या आधी वायर खाली झोळीसारखी सोडा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळीच्या तळाशी गळून पडतं आणि भिंतीत जात नाही. वायर काटकोनात दुमडू नका, मुठीएवढं वळण ठेवा, आणि खिळ्याच्या क्लिपने चेपू नका. सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांत भिंती दोन-दोन फूट जाड असतात. तिथे भिंत फोडण्यापेक्षा चौकटीच्या वरून पट्टी-केसिंगमधून वायर नेणं बरं, दिसतंही नीटनेटकं.

एकदाच दोन वायर ओढत असाल तर तिसरीही ओढून टोक बांधून ठेवा. मजुरी तीच लागते.

सोसायटीत कॉमन डिश असेल तर

नव्या टॉवरमध्ये प्रत्येकाला स्वतःची छत्री लावू देत नाहीत. गच्चीवर एक-दोन मोठ्या छत्र्या, त्यावर क्वाट्रो एलएनबी, आणि डक्टमध्ये मजल्या-मजल्यावर मल्टिस्विच असतात. तुमच्या फ्लॅटला त्यातून एक किंवा जास्त वायर येतात.

इथे सुपरवायझरला किंवा सोसायटीच्या ऑफिसात तीन प्रश्न विचारा. कॉमन डिशवर कोणकोणत्या कंपन्यांचा सिग्नल आहे? माझ्या फ्लॅटला मल्टिस्विचमधून किती पोर्ट दिले आहेत? आणि बेडरूममधल्या टीव्ही पॉइंटची वायर नेमकी कुठे निघते? बिल्डर बेडरूममध्ये पॉइंट देतो, पण ती वायर कधी मुख्य दाराजवळच्या डब्यात येऊन नुसती पडलेली असते, तर कधी हॉलच्या पॉइंटला स्प्लिटरने जोडलेली असते. दुसरी परिस्थिती असेल तर तो स्प्लिटर काढून, मल्टिस्विचमधून दुसरा पोर्ट घेऊन, ती वायर स्वतंत्र करावी लागते. वायर ओळखायला सोपी युक्ती: एका टोकाला मधली तार आणि जाळी जोडून द्या, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. जिथे बीप वाजेल ती तुमची वायर.

एकच वायर येत असेल आणि दुसरी ओढायला डक्टमध्ये जागाच नसेल, तर युनिकेबल नावाची पद्धत आहे. त्यात एकाच वायरवर प्रत्येक बॉक्सला स्वतःचा ठरावीक पट्टा मिळतो. मात्र त्यासाठी एलएनबी किंवा मल्टिस्विच आणि सगळे बॉक्स, दोन्हीकडे ही सोय लागते. कंपनीला आधी विचारल्याशिवाय यावर पैसे घालू नका.

दुसरा बॉक्स आणि रिचार्ज

दुसरा बॉक्स त्याच नावावर, त्याच पत्त्यावर, मूळ खात्यात जोडून घ्या. स्वतंत्र नवीन कनेक्शन घेतलं तर मल्टी टीव्हीची सवलत मिळत नाही.

बिलाची रचना अशी असते: नेटवर्क क्षमता शुल्क (चॅनल घरापर्यंत पोचवण्याचं मासिक शुल्क), चॅनलांचे पैसे, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२० च्या नियमांनी पहिल्या टीव्हीचं नेटवर्क शुल्क २०० चॅनलांपर्यंत १३० रुपये आणि त्यापुढे १६० रुपये, करांव्यतिरिक्त, असं बांधलं होतं, आणि दुसऱ्या टीव्हीपासून ते ४० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नव्हतं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादा काढून ते ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना दिली. म्हणून शेजाऱ्यांच्या बिलावरून आपला अंदाज बांधू नका. फोनवर स्पष्ट विचारा: ‘दुसऱ्या टीव्हीचं नेटवर्क शुल्क किती, आणि त्यावर मी वेगळं, लहान पॅक निवडू शकतो का?’

सशुल्क चॅनलचे पैसे प्रत्येक टीव्हीमागे वेगळे लागतात. म्हणून आजींच्या बॉक्सवर खेळांचे चॅनल आणि इंग्रजी सिनेमे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांचे मराठी चॅनल, भजन-कीर्तनाचा एखादा, सह्याद्री, बस. एचडीची गरजही टीव्हीच्या आकारावरून ठरवा. चोवीस इंची टीव्हीवर पलंगावरून बघताना एसडी पुरतं.

ही सगळी सोय एका घरापुरती असते. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला किंवा शेजाऱ्याला त्याच खात्यातला बॉक्स देणं करारात बसत नाही. हॉस्टेल, दवाखाना, हॉटेल यांना व्यावसायिक जोडणी वेगळी असते.

एकच बॉक्स, दोन टीव्ही

जेवणाच्या टेबलाजवळ आणि हॉलमध्ये एकच कार्यक्रम चालू ठेवायचा असेल, तर दुसरा बॉक्स नको. बॉक्समागे एचडीएमआय स्प्लिटर लावून दोन टीव्हींना वायर द्या. दहा मीटरपर्यंत चांगली एचडीएमआय वायर पुरते. त्यापुढे इंटरनेटसाठी वापरतात त्या कॅट-६ वायरवरून एचडीएमआय नेणारी एक्स्टेंडरची जोडी घ्या, आणि ती एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारी कुलूप-व्यवस्था) चालवते का ते विचारून घ्या, नाहीतर आतला टीव्ही काळा राहतो. आतून चॅनल बदलायचा असेल तर रिमोटचा इशारा बॉक्सपर्यंत नेणारी आयआर वायर लागते. काही एक्स्टेंडरमध्ये ती सोबतच येते.

छत्रीशिवाय आतली खोली

मुलांच्या खोलीत स्मार्ट टीव्ही आणि घरात बऱ्यापैकी ब्रॉडबँड असेल, तर अ‍ॅपवर भागतं. झी मराठी झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर बघता येतं. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या वेव्हज अ‍ॅपवर दूरदर्शनचे चॅनल आहेत. यातली उणीव क्रिकेटच्या वेळी दिसते: इंटरनेटवरचं चित्र उपग्रहाच्या कितीतरी सेकंद मागे असतं, त्यामुळे हॉलमध्ये विकेटचा जल्लोष आधी ऐकू येतो.

दुसरा पर्याय डीडी फ्री डिश. २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की झालं. सह्याद्री, बातम्या आणि बरेच मोफत चॅनल मिळतात. खासगी चॅनलांच्या जागांचा लिलाव होत असल्याने यादी बदलत राहते. फ्री डिशचा उपग्रह वेगळा असल्याने तुमची टाटा प्ले किंवा एअरटेलची छत्री त्याला चालणार नाही, वेगळी लावावी लागेल. पण तिच्यावर क्वाड एलएनबी लावून चार खोल्यांत चार बॉक्स जोडले, तरी महिन्याला काही द्यावं लागत नाही. एकत्र कुटुंबात, गावाकडच्या पाहुण्यांच्या खोलीत किंवा कामवाल्या ताईंच्या खोलीत ही सोय फार चांगली. काही नव्या टीव्हींमध्ये मागे सॅटेलाइटचं तोंड असतं. ते असेल तर बॉक्सशिवायही यातले मोफत चॅनल लागू शकतात.

तंत्रज्ञ घरात असतानाच

काम सुरू होण्याआधी शांतपणे सांगा: ‘दादा, स्प्लिटर नको. क्वाड एलएनबी लावा आणि प्रत्येक बॉक्सला वरून सरळ वायर द्या.’ बहुतेक तंत्रज्ञ काम उत्तम जाणतात. घाई असते ती दिवसातल्या पुढच्या कॉलची. आधीच स्पष्ट बोललं की दोघांचंही सोपं होतं. उन्हात गच्चीवर चढलेल्या माणसाला पाणी-चहा विचारा आणि शिडी धरायला कोणीतरी उभं राहा.

काम संपल्यावर प्रत्येक बॉक्सच्या मेनूतून सिग्नलचं पान उघडा. तिथे ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे दिसतात. गुणवत्तेकडे बघा, ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी असेल तर छत्री नीट जुळलेली नाही. दोन्ही बॉक्सांवरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एकावर बरेच कमी असतील तर त्या वायरमध्ये किंवा कनेक्टरमध्ये दोष आहे.

मग खरी परीक्षा. हॉलमधला टीव्ही एका चॅनलवर ठेवा आणि आतल्या टीव्हीवर एकामागून एक वीस-पंचवीस चॅनल फिरवा: मराठी, हिंदी, बातम्या, खेळ, एचडी. हॉलमधलं चित्र एकदाही अडखळायला नको. नंतर हेच उलटं करा. अडखळलं, तर कुठेतरी स्प्लिटर शिल्लक आहे.

पुढे कधी बिघाड झाला तर आधी हे बघा. दोन्ही टीव्ही एकदम गेले तर छत्री हलली आहे, एलएनबी गेला आहे किंवा जोरात पाऊस आहे. एकच गेला तर एलएनबीपाशी दोन वायरींची अदलाबदल करून बघा: दोष दुसऱ्या टीव्हीवर गेला तर एलएनबीचं तोंड खराब, त्याच टीव्हीवर राहिला तर वायर किंवा बॉक्स. मग तो बॉक्स दुसऱ्या खोलीतल्या वायरला लावा, म्हणजे तेही स्पष्ट होतं. दोन्ही वेळा वायर काढण्याआधी बॉक्सचा प्लग काढायचा. या तपासणीसाठी कोणती वायर कोणत्या खोलीची हे कळायला हवं, म्हणून तंत्रज्ञ निघण्याआधी प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना खोलीचं नाव लिहिलेली पट्टी लावून घ्या आणि एलएनबीचा एक फोटो काढून ठेवा.